कडी वेगळी, कुलूप वेगळं

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा खरे हाल झाले ते लेटरहेडचे. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि अकोले तालुक्यातल्या कचेऱ्या, पतसंस्था, शाळा, सोसायट्या यांत कुणी ना कुणी कॉम्प्युटरपुढे बसून जुनं नाव काढून नवं टाकायच्या कामाला लागलं. रबरी शिक्के नवे करून आणले, पाट्या रंगवून झाल्या. ते सोपं होतं. एक्सेलच्या फायली तेवढ्या सरळ निघाल्या नाहीत.

मी इथे कॉम्प्युटरचा क्लास चालवतो, त्यामुळे असल्या अडचणी माझ्याकडे येतात. एका संस्थेतून कॅशिअरताईंचा फोन आला. "सर, बाकी सगळं बदललं. एका फाइलमध्ये जिल्हाच बदलेना."

जाऊन पाहिलं. फाइल पगारपत्रकाची. वर मधोमध संस्थेचं नाव, खाली मु. पो. अकोले, ता. अकोले, जि. अहमदनगर. त्या ओळीवर टिचकी मारून काही टाइप करायला गेलं की एक्सेलची खिडकी समोर येई : हा भाग संरक्षित आहे, बदल करायचा तर आधी संरक्षण काढा. संरक्षण काढायला गेलं की पासवर्ड मागे. फाइल ज्यांनी बसवली ते अण्णा निवृत्त होऊन कोतूळकडे शेती बघतात. त्यांना फोन लावला. अण्णा म्हणाले, "मी कुठं टाकला पासवर्ड? मी ती फाइल संगमनेरच्या एकाकडून पेन ड्राइव्हवर आणली होती. तेव्हाच तो लागलेला होता. मला कधी गरजच नाही पडली."

म्हणजे वर्षानुवर्षं एक संस्था अशा कुलपामागे पगार ठेवत होती, ज्याची किल्ली तिच्याकडे कधीच नव्हती.

संस्थेची फाइल, संस्थेचंच काम, तेव्हा व्यवस्थापकांना विचारून मी ते पान सगळंच्या सगळं निवडलं, कॉपी केलं, नवी कोरी फाइल उघडली आणि तिथे चिकटवलं. आकडे आले, सूत्रं आली, जिल्ह्याची ओळही आली, आणि नव्या फाइलमध्ये ती निमूटपणे बदलली. दोन मिनिटंही लागली नाहीत. छपाईची मांडणी तेवढी विस्कटली, ती बसवण्यात वीस मिनिटं गेली.

ताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे इतकी वर्षं कुणीही यातलं बदलू शकत होतं?"

बदलू शकत होतं, आणि बघू तर त्याहून आधीपासून शकत होतं. फाइल उघडताना तिनं कुणालाच कधी काही विचारलं नव्हतं.

आपल्याकडे घराच्या दाराला कडी असते आणि कुलूपही असतं. दिवसा रानात जाताना बाई नुसती कडी अडकवून जाते, शेळी आत शिरू नये, कुत्र्यानं भाकरी ओढू नये म्हणून. चोरासाठी कडी नसते, हे घरातल्या लहान पोरालाही कळतं. कॉम्प्युटरमध्ये मात्र कडीही पासवर्ड मागते आणि कुलूपही पासवर्ड मागतं. दोन्हीकडे तीच छोटी खिडकी, त्याच ठिपक्यांची रांग. तिथे माणूस फसतो. ही संस्था जे कुलूप समजत होती, ती कडी होती.

एक्सेलमध्ये रिव्ह्यू या पट्टीवर 'प्रोटेक्ट शीट' असतं, ती ही कडी. ती निरुपयोगी आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. उलट रोजच्या कामात कुलपापेक्षा तिचीच गरज जास्त पडते, कारण कचेरीतल्या फायलींचं नुकसान चोर फार क्वचित करतात. ते आपलेच लोक करतात, तेही न कळत.

एका छोट्या दूध संकलन केंद्रावर मी हे जवळून पाहिलेलं आहे. तिथे तयार सॉफ्टवेअर नव्हतं, एक्सेलवर काम चाले. दर ओळीला सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि शेवटी रक्कम. गाईच्या दुधाचा भाव आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याच्या वरखाली गेलं की दर बदलतो. ते कोष्टक दुसऱ्या पानावर आणि त्यावरून रक्कम काढणारं सूत्र शेवटच्या रकान्यात. दहा दिवसांनी बेरीज होऊन दुधाचा पगार निघे. एका दहा दिवसांत कुणाच्या तरी हातून एका ओळीतल्या रकमेच्या घरात सूत्राच्या जागी नुसता आकडा टाइप झाला. दिसायला काहीच फरक नाही. घरात आकडा होता, आकडाच राहिला. पुढच्या खेपेला तीच फाइल पुसून पुन्हा भरली, तेव्हा बाकी सगळ्या ओळी हलल्या आणि ही ओळ तशीच बसून राहिली. दरम्यान त्या शेतकऱ्याची गाय व्यायली होती आणि दूध वाढलं होतं. पगार मात्र मागच्याइतकाच. त्याची बायको दहा दिवसांच्या पावत्या टाचणीनं एकत्र टोचून घेऊन आली आणि टेबलावर ठेवल्या, तेव्हा उलगडा झाला. त्या पावत्या नसत्या तर?

इथे कडी हवी होती. ती लावायची पद्धत थोडी उफराटी आहे, म्हणून नीट सांगतो. एक्सेलमध्ये प्रत्येक घर जन्मतःच 'लॉक्ड' असतं. त्या खुणेचा परिणाम मात्र पान संरक्षित केल्यावरच सुरू होतो. तेव्हा आधी जिथे रोज आकडे भरायचे, म्हणजे लिटर, फॅट, एसएनएफ, ती घरं निवडायची, कंट्रोल आणि १ दाबायचं, 'प्रोटेक्शन'च्या कप्प्यात जाऊन 'लॉक्ड'ची खूण काढायची, आणि मगच पान संरक्षित करायचं. बहुतेक जण पहिली पायरी गाळतात आणि थेट संरक्षण लावतात. मग सगळंच पान गोठतं, भरणाऱ्याला काही टाइप करता येत नाही, तो वैतागतो, संरक्षण काढून टाकतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. नीट लावलेली कडी मात्र जाणवतही नाही. टॅबची कळ दाबली की उडी थेट पुढच्या मोकळ्या घरात जाते, सूत्रांना हात लागतच नाही.

तिच्या जोडीला 'डेटा व्हॅलिडेशन' लावावं. फॅटच्या रकान्यात अमुक ते अमुक एवढेच आकडे घे, असं सांगून ठेवलं की ३.५ च्या जागी ३५ टाइप झालं तर एक्सेल अडवतं. त्यातही एक भोक आहे. दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेला आकडा ही तपासणी चुकवून आत शिरतो. हाताने भरणाऱ्याला ती अडवते, चिकटवणाऱ्याला नाही.

आता ही कडी इतकी कच्ची का, ते बघू. २००७ पासून एक्सेलची फाइल ही खरं तर एक गाठोडं असते. झिप फाइल आपल्याला माहीत असते, तसंच. आत बऱ्याच छोट्या फायली, साध्या मजकुराच्या, एक्सएमएल नावाच्या मांडणीत लिहिलेल्या. एका फाइलमध्ये पहिलं पान, दुसरीत दुसरं, एकीत रंगरूप. पान संरक्षित केलं की त्या पानाच्या फाइलमध्ये एक ओळ वाढते, 'हे पान संरक्षित आहे' अशा अर्थाची. बस, एवढंच. आकडे आहेत तिथेच, आहेत तसेच, उघडे. ती ओळ वाचून एक्सेल शिस्तीनं वागतं, हा एक्सेलचा सभ्यपणा. दारावर 'आत येऊ नये' ही पाटी लावल्यासारखं ते आहे. मायक्रोसॉफ्टनंही स्वतःच सांगून ठेवलंय की पानाचं संरक्षण सुरक्षेसाठी म्हणून केलेलं नाही. जुन्या एक्सएलएस फायलींत तर त्या पासवर्डचा जो ठसा ठेवला जाई तो अवघा १६ बिटांचा होता. म्हणजे जगातल्या तमाम पासवर्डांसाठी मिळून जास्तीत जास्त ६५,५३६ ठसे. साहजिकच भलताच पासवर्डही खऱ्याच्या जागी चालून जाई. नव्या आवृत्त्यांत ठसा भक्कम झाला, पण पाटी ती पाटीच.

कडीच्या जातीची अजून दोनतीन दारं मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये आहेत, ती ओळखून ठेवलेली बरी. 'मार्क ॲज फायनल' म्हणजे फाइलवर 'अंतिम' असा नुसता शेरा. समोरच्यानं 'तरीही संपादन करतो' या बटणावर टिचकी मारली की शेरा गेला. सेव्ह करताना 'बदल करण्यासाठी पासवर्ड' असाही एक पर्याय मिळतो. तो लावला तरी फाइल सगळ्यांना वाचता येते, आणि दुसऱ्या नावानं साठवून तिच्यात हवे ते बदलही करता येतात. वर्डमधलं 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग' हे अर्जाचे नमुने जपायला छान आहे, गुपित जपायला नाही.

आणि एक गंमत. फार जुन्या एक्सेलमध्ये 'प्रोटेक्ट वर्कबुक' केलं तर फाइल खरोखरच सांकेतिक केली जाई, पण तिची किल्ली आधीच ठरलेली, जगभरातल्या सगळ्या फायलींना एकच : 'व्हेल्व्हेट स्वेटशॉप'. मखमली वेठबिगारी म्हणा हवं तर. एक्सेल ती किल्ली मुकाट्यानं स्वतःच लावून बघे, वापरणाऱ्याला पत्ताही नसे. पुढे व्हायरस लिहिणाऱ्यांनी याचाच फायदा उठवला. सांकेतिक फाइलच्या आत काय आहे ते अँटिव्हायरसला सहज दिसेना, आणि एक्सेल मात्र ती विनातक्रार उघडून देई.

खरं कुलूप वेगळ्या ठिकाणी आहे. फाइल, मग इन्फो, मग 'प्रोटेक्ट वर्कबुक', आणि त्यात 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. वर्डमध्येही तीच वाट. इथे पाटी नाही लागत, इथे मजकूरच बदलतो. पगाराचे आकडे, नावं, सूत्रं सगळं एईएस नावाच्या पद्धतीनं घुसळून टाकलं जातं आणि आजच्या ऑफिसमध्ये त्याची किल्ली २५६ बिटांची असते. ही फाइल झिप म्हणून उघडायचा प्रयत्न केला तर आत एकही पान वाचता येत नाही. लिबर ऑफिस वापरणाऱ्यांना सेव्ह करतानाच 'पासवर्डसह साठवा' अशी चौकट दिसते, तीही खरं कुलूपच.

पण ती २५६ बिटांची किल्ली आपण देत नाही. आपण देतो एखादा शब्द, पाचदहा अक्षरांचा. त्या शब्दातून किल्ली घडवायची म्हणून ऑफिस तो शब्द दळतं. ऑफिस २००७ मध्ये पन्नास हजार वेळा दळत असे, २०१० पासून एक लाख वेळा. जात्यातून निघालेलं पीठ पुन्हा जात्यात, असं लाख वेळा, आणि मग किल्ली तयार. आपल्याला फाइल उघडताना अर्धा क्षण थांबावं लागतं एवढंच. पासवर्ड ओळखायला बसलेल्याला मात्र दर अंदाजाला लाखभर दळणं काढावी लागतात. सगळा खेळ त्याला दमवण्याचा आहे.

तो दमेल की नाही, हे आपल्या शब्दावर ठरतं. आपल्याकडे पासवर्ड म्हणजे जन्मतारीख, नाही तर गावाचं नाव आणि पुढे १२३. हिशेब करून बघू. ऐंशी वर्षांतल्या सगळ्या तारखा धरल्या तरी त्या तीस हजार भरत नाहीत. एखादं यंत्र सेकंदाला हजार अंदाज करत असेल, तर अर्ध्या मिनिटात सगळ्या जन्मतारखा संपल्या. लाख दळणांचा काही उपयोग नाही, कारण धान्यच मूठभर. आता दोन हजार साध्या मराठी शब्दांची यादी घ्या आणि डोळे मिटून त्यातले चार उचला : समजा करवंद, टाचणी, मामा, पाऊस. अशा चौकड्या होतात सोळा लाख कोटी. त्याच यंत्राला त्या सगळ्या तपासायला पाचशे वर्षं लागतील. शब्द मात्र खरोखर डोळे मिटून उचलायला हवेत. मुलाचं नाव, बायकोचं नाव, कुलदैवत आणि गाव असे चार घेतले तर ते गल्लीतल्या कुणालाही येतात.

खऱ्या कुलपाची दुसरी बाजूही तितकीच खरी असते. पासवर्ड हरवला की फाइल गेली. मायक्रोसॉफ्टला फोन करून उपयोग नाही, त्यांच्याकडेही दुसरी किल्ली नसते. मराठीत काम करणाऱ्यांना यात एक खास सापळा आहे. पासवर्ड टाकताना कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो. चौकटीत ठिपकेच दिसतात, त्यामुळे बोटं इंग्रजी कळा दाबतायत आणि आत देवनागरी अक्षरं जातायत, हे कळत नाही. दुसऱ्या दिवशी कीबोर्ड इंग्रजीवर असतो, बोटं त्याच कळा दाबतात, आणि फाइल म्हणते पासवर्ड चूक. क्लासमधल्या एका मुलीनं तिच्या प्रकल्पाची फाइल अशी हरवल्याचं सांगितलं, रडवेली झाली होती. कीबोर्ड मराठी करून त्याच कळा पुन्हा दाबायला लावल्या, उघडली.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. जुन्या फाँटांमध्ये, श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर अगम्य चिन्हांची दिसते. काही जण याला सुरक्षितता समजतात. मोडी लिपीतली जुनी दफ्तरं आज वाचणारे थोडे उरले, म्हणून त्या कागदांना कुणी कुलूपबंद म्हणत नाही. वाचणारा भेटेपर्यंतच ती बंद, आणि फाँट तर एका मिनिटात बदलतो.

कुलूप आणि कडी यांच्यापेक्षाही जास्त घात करते ती तिसरीच गोष्ट : लपवणं. रकाना निवडायचा, उजवी टिचकी, 'हाइड'. रकाना डोळ्यांआड गेला, पण फाइलमध्ये आहे तिथेच राहिला. शेजारचे दोन रकाने निवडून 'अनहाइड' म्हटलं की पुन्हा हजर. उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी ऑगस्ट २०२३ मध्ये याची जबर किंमत मोजली. कुणीतरी माहिती अधिकारात साधा प्रश्न विचारला होता की कोणत्या हुद्द्यावर किती पोलीस आहेत. उत्तरादाखल दिलेल्या एक्सेल फाइलमध्ये आकड्यांचं पान होतं आणि त्यामागे एक लपवलेलं पान होतं, ज्यावरून ते आकडे काढले होते. त्यात ९,४८३ पोलीस आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणं. फाइल काही तास सगळ्यांना खुली होती. जिथे पोलीस आपली नोकरी शेजाऱ्यापासूनही लपवतात अशा प्रदेशातली ही गोष्ट. पुढच्या वर्षी त्या दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. पासवर्ड कुणी फोडला नव्हता. दाराला कडीसुद्धा नव्हती, नुसता पडदा होता.

२००८ साली लेहमन ब्रदर्स बुडाली आणि बार्कलेज बँक तिचा काही भाग विकत घेत होती, तेव्हा उलटं झालं. जे करार घ्यायचे नाहीत त्यांच्या ओळी एक्सेलमध्ये पुसल्या नव्हत्या, लपवल्या होत्या. रात्री उशिरा वकिलांच्या कचेरीत फाइलची मांडणी नीटनेटकी करताना त्या ओळी पुन्हा उघड्या झाल्या आणि १७९ नको असलेले करार न्यायालयात गेलेल्या यादीत जाऊन बसले. ते निस्तरायला पुन्हा कोर्टात अर्ज करावा लागला.

आपल्याकडे हे रोज घडू शकतं, आणि त्याला लेहमन ब्रदर्स लागत नाही. लाभार्थ्यांची यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची असते. नाव आणि गाव पुरे असतं. टाकणारा आधार क्रमांक आणि बँक खात्याचे रकाने लपवतो आणि एक्सेलच पाठवतो. पाचसहाशे फोनांत ती फाइल पोचते. असं करू नये. नवी फाइल घ्यावी, लागतील तेवढेच रकाने तिच्यात चिकटवावेत, शक्यतो नुसते आकडे आणि मजकूर म्हणून, आणि तिची पीडीएफ काढून ती पाठवावी. पीडीएफमध्येही नको तो मजकूर काळ्या पट्टीनं झाकायच्या भानगडीत पडू नये. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेत ट्रम्प यांचे एके काळचे प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदात तसं केलं होतं. पत्रकारांनी काळी पट्टी निवडून कॉपी केली, दुसरीकडे चिकटवली आणि खालचा मजकूर वाचला.

इथवर मुख्यतः बोललो ते कुणी बघू नये याबद्दल. पण बरेच कागद असे असतात की ते सगळ्यांनी बघावेत, आणि बदलू मात्र कुणीच नयेत. पावसाळ्यात आपल्याकडे रोज सकाळी भंडारदऱ्याचा पाणीसाठा मोबाइलवर फिरतो, घाटघर-रतनवाडीच्या पावसाच्या आकड्यांसकट. धरणाची पूर्ण क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, हा आकडा प्रवरेकाठच्या शेतकऱ्याला पाठ असतो. त्या निरोपाला कुलूप लावायचं काय कारण? पण पुढे पाठवताना कुणी एक आकडा इकडचा तिकडे केला तर नदीकाठची माणसं उगाच रात्र जागून काढतील. अशा कागदाला कुलूप चालत नाही, त्याला मोर्तब लागतं.

मोर्तब हा शब्द आपण 'शिक्कामोर्तब'मध्ये वापरून वापरून गुळगुळीत केलाय. शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तबाचा छोटा शिक्का. पेशवाईतल्या मोर्तबात सरळ 'लेखनसीमा' हा शब्दच असे. लिखाणाची हद्द इथे संपली, याच्या खाली जे असेल ते आमचं नाही. कागद लांब असेल, एकाला एक बंद चिकटवून केलेला असेल, तर जोडावर शिक्का मारत. मधला बंद काढून दुसरा घातला तर अर्धा शिक्का एकीकडे, अर्धा दुसरीकडे. चेकवर आपण आजही अक्षरी रक्कम लिहून पुढे 'मात्र' लिहितो ती हीच लेखनसीमा. आणि हुंडीवाले तर त्याही पुढचे. हुंडीत रक्कम आकड्यात, मग अक्षरात, आणि वर 'याचे निमे इतके, त्याचे दुप्पट' असंही लिहीत. हजाराची हुंडी असेल तर निमे पाचशे. हजाराच्या मागे कुणी एक आकडा वाढवला तर निमे जुळणार नाही, आणि निमेही बदललं तर अक्षरी जुळणार नाही.

डिजिटल सही म्हणजे हे हुंडीचं निमे, फार वाढवलेलं. पूर्ण कागद गणितातून घालून त्याचा एक ठरावीक लांबीचा ठसा काढतात. कागदातला एक काना इकडचा तिकडे झाला तरी ठसा पार वेगळा येतो. तो ठसा सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीनं बंद करून कागदाला जोडतात. तपासणारा कागदाचा ठसा नव्यानं काढतो, जोडलेला ठसा जाहीर किल्लीनं उघडतो, आणि दोन्ही ताडून बघतो. कागद सगळ्यांना वाचता येतो, पण कुणी हात लावला तर ते लपत नाही. अशा सहीला आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नं मान्यता दिली. २०१८ च्या महाराष्ट्रदिनी राज्यात डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला आणि तलाठी भाऊसाहेबांच्या दारात उभं न राहता उतारा मिळू लागला. मात्र लोक त्याची प्रिंट काढतात आणि कागदावरच्या सहीच्या चौकटीकडे बघून समाधान मानतात. ती सही फाइलमध्ये जिवंत असते, कागदावर तिचं नुसतं चित्र. प्रिंट तपासायची तर खालचा पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून मूळ उतारा समोर आणावा लागतो. चित्र कुणालाही काढता येतं.

वर्ड आणि एक्सेललाही अशी सही जोडता येते, पण तिचं प्रमाणपत्र लागतं आणि छोट्या संस्थेत ते बहुधा सचिवाच्या ड्रॉवरमधल्या टोकनवर असतं, पिन त्याच टोकनला चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला. त्यावर काय बोलणार.

गुगल शीट्सवर काम करणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. तिथे फाइल उघडायला पासवर्ड नसतोच, तिथे माणसं मोजायची असतात : कुणाला बघता येईल, कुणाला बदलता येईल. 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय चालू ठेवला की लिंक पुढे गेली तशी परवानगीही पुढे गेली. एक गोष्ट मात्र तिथे खरोखर चांगली आहे, ती म्हणजे मागच्या आवृत्त्या. कुणी कधी कोणता आकडा बदलला ते उलटं जाऊन बघता येतं. त्या दूध केंद्राच्या फाइलला असा इतिहास असता, तर सूत्राच्या जागी आकडा कधी आला ते त्या बाईंनी पावत्या आणण्याआधीच दिसलं असतं. अर्थात कुणी उघडून बघितलं असतं तर.

पगारपत्रकाकडे परत येतो. त्या संस्थेत मी फाइलचे दोन भाग केले. कोरा नमुना, म्हणजे वरचं नाव, रकाने आणि सूत्रं, यांना कडी. तिचा पासवर्ड मुद्दाम साधा ठेवला आणि टेबलाच्या काचेखाली लिहूनही ठेवला, कारण पुढच्या वेळी काही बदललं तर पुन्हा कुणाला फोन करावा लागू नये. भरलेल्या पगाराच्या फायलींना मात्र खरं कुलूप, चार शब्दांचं. ते शब्द ताईंनी शब्दकोश उघडून, डोळे मिटून बोट ठेवत निवडले. त्यातला एक असा निघाला की व्यवस्थापकांना हसू आवरेना.

मग प्रश्न आला, हे लिहून कुठे ठेवायचं. संस्थेची तिजोरी दोन किल्ल्यांची आहे. एक व्यवस्थापकांकडे, एक ताईंकडे, दोघं असल्याशिवाय ती उघडत नाही. पासवर्डचं पाकीट तिच्यातच ठेवायचं ठरलं. ताईंनी चार शब्द एका कागदावर देवनागरीत लिहिले आणि खाली 'कीबोर्ड इंग्रजी ठेवणे, शब्द इंग्रजी अक्षरांत' असं लिहून त्यांचं स्पेलिंग दिलं. घडी घालून कागद पाकिटात सारला. पाकिटाची जीभ चिकटवल्यावर मी दोघांना जोडावर सह्या करायला सांगितल्या, अर्धी जिभेवर, अर्धी पाकिटावर.

सह्या झाल्या. ताईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, ड्रॉवर उघडला आणि म्हणाल्या, "सर, वरून चिकटपट्टी पण लावू का?"